कातळावरची डिश

आर्लिस टोलरच्या टीव्हीच्या डिशला सतरा भोकं पडली होती. ड्रीमा मन्सीने ती बोट घालून घालून मोजली. सोमवारी आर्लिस संप मोडून कंपनीचा कोळशाचा ट्रक चालवायला गेला, आणि बुधवारी भर दुपारी कुणीतरी समोरच्या रानातून त्याच्या अंगणावर बंदूक रिकामी केली. स्वयंपाकघराची खिडकी फुटली, दोन कोंबड्या मेल्या आणि अंगणातल्या दहा फुटी पांढऱ्या डिशची चाळण झाली. आर्लिसची बायको नोव्हा तेव्हा घरातच होती. तिच्या गालावर काचेने ओढलेली रेघ अजून ओली होती.

“चालेल का गं ही?” नोव्हाने विचारलं.

“चालेल. सिग्नल पकडणारा मधला भोंगा वाचलाय. या ताटाला कितीही भोकं पडू देत, भोंग्याला गोळी लागली नाही तोवर ते मरत नाही.”

“कुणी केलं, तुला ठाऊक असेल.”

“मला आभाळ ठाऊक आहे. माणसांचं मला विचारू नकोस.” ड्रीमाने पाना कमरेला खोवला. “आणि आर्लिसला सांग, ही शेवटची खेप. फितुराच्या घरचे नट आवळले की माझ्या पान्याला गंज चढतो.”

 नोव्हाने मेलेल्या कोंबड्यांतली एक कागदात गुंडाळून ड्रीमाच्या हातात दिली. ड्रीमाने ती घेतली. संपाला नऊ महिने झाले होते आणि कोंबडी शेवटची कधी खाल्ली ते तिला आठवत नव्हतं.

ड्रीमा चाळिशीची होती. अंगाने सडसडीत, पण मनगटं पुरुषासारखी. स्लेट फोर्कच्या त्या अरुंद खोऱ्यात वाढलेल्या बाईला मार म्हणजे काय ते वेगळं शिकावं लागत नाही. बाप दारू प्यायला की पट्टा काढायचा, न प्यायला की हातानेच भागवायचा. अठराव्या वर्षी तिने डॉर्सी नावाच्या करवतवाल्याशी लग्न केलं, ते बापाच्या पट्ट्यापासून सुटायला. डॉर्सीने पहिल्याच वर्षी तिचे दोन दात पाडले. पाचव्या वर्षी, एका रविवारी, तो जेवणाच्या टेबलावरून हात उगारून उठला, तेव्हा शेगडीची सळई तिच्या हातात होती. तिने ती फिरवली. डॉर्सीचा जबडा दोन जागी मोडला. तो जो ओहायोला गेला तो परत आला नाही. ड्रीमाने ती सळई वाकलेलीच वापरली, सरळ केली नाही.

पुढे खाणीत बायकांना घ्यायला लागले तेव्हा ती गेली. विजेच्या कामावर मदतनीस म्हणून. पहिल्या महिन्यात एका मुकादमाने तिला अंधाऱ्या बोगद्यात भिंतीशी दाबलं. ती ओरडली. तिथे आधी पोचला तो क्लीव्ह म्युझिक. धिप्पाड, लाल दाढीचा, कमी बोलणारा. त्याने मुकादमाच्या मानेला धरलं आणि त्याचं डोकं कोळशाच्या वाघिणीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. मग ड्रीमाकडे वळून म्हणाला, “डबा खाल्लास का?” त्या दिवशी दोघांनी बोगद्यात बसून त्याच्या आईच्या हातचा मक्याचा पाव आणि घेवडा खाल्ला. त्यानंतर खाणीत ड्रीमाला कुणी हात लावला नाही. ती त्याला भाऊ म्हणायची. युनियनमध्ये सगळेच एकमेकांना भाऊ म्हणतात, पण ती मनापासून म्हणायची.

डिशचं काम ती खाणीच्या जोडीने शिकली. त्या डोंगरांत साध्या अँटेनाला काही दिसत नाही. चारी बाजूंनी कडे, मधे ओढा आणि रस्ता. टीव्ही लावला की नुसता पांढरा भुगा. मग मोठाल्या डिशा आल्या. पण डिश विकत घेणं सोपं, ती लावणं कठीण. खांब काँक्रीटमध्ये रोवायचा आणि तो ओळंब्यात हवा. केसाएवढा कलला तर पहिला उपग्रह सापडतो आणि दुसरा हरवतो. होकायंत्राची दक्षिण ही खरी दक्षिण नसते, तो फरक काढायचा. पाठीला कोनमापक लावून डिश वर उचलायची. आणि सगळ्यात आधी आभाळ शोधायचं. बघण्यासारखे सगळे उपग्रह दक्षिणेपासून नैऋत्येपर्यंत, त्यातले चांगले चांगले अगदी खाली, डोंगराच्या खांद्याला टेकलेले. मधे कडा आला, झाड आलं, की संपलं. ड्रीमा होकायंत्र घेऊन लोकांच्या परसात तासतास फिरायची. घरमालक वैतागायचे. “अंगणात लाव की गं, दिसायला बरी दिसेल.” ती म्हणायची, “दिसायला बरी हवी तर गुलाब लावा.” तिने लावलेली डिश कधी कुणाला परत हलवावी लागली नाही. हा तिचा तोरा होता, आणि तो सगळं खोरं चालवून घ्यायचं.

चौऱ्याऐंशीच्या शरदात संप सुरू झाला. कंपनीने बाहेरून ट्रकवाले आणले, त्यांच्या राखणीला काळ्या कपड्यांतले बंदूकधारी पहारेकरी आणले. संपवाल्यांनी रस्त्यावर खिळे पेरले. पहारेकऱ्यांनी फाटकावर बसलेल्यांना दांडक्यांनी फोडलं. क्लीव्हच्या पुतण्याचा एक डोळा गेला. मग रानातून गोळ्या सुटायला लागल्या. सकाळी दहाला ट्रकांची रांग निघायची, वरून कंपनीचं हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांना घासत जायचं, कुठे माणूस लपलाय का बघत. पोरंबाळं तेवढा वेळ पलंगाखाली. ड्रीमाही फाटकावर बसायची. तिनेही एकदा दगड मारून ट्रकची काच फोडली होती आणि त्याचा तिला पस्तावा नव्हता.

जून लागला आणि क्लीव्हने तिला बोलावलं.

“आईला डिश लावून दे,” तो म्हणाला. “आणून ठेवलीये. काळी, जाळीची.”

“जाळीची कशाला? पत्र्याची घट्ट बसते.”

“जाळीचीच मिळाली.”

क्लीव्हच्या आईला सगळं खोरं आयसी मावशी म्हणायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिचं घर रस्त्याच्या वर, चढावर होतं. ड्रीमा लगेच गेली, दोनदा परसात फिरली आणि वरच्या अंगाला, सफरचंदाच्या झाडापलीकडे, तिला आभाळ सापडलं. तिथून नैऋत्येला दोन डोंगरांच्या मधे एक खिंड होती, बरोब्बर हवी तेवढी. खांब तिने तिथेच रोवला आणि काँक्रीट सुकायला आठवडा दिला. पुढच्या मंगळवारी सकाळी पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. मग कप्पी बांधून तिने ती काळी जाळी एकटीने खांबावर चढवली आणि आयसी मावशीला खिडकीजवळ टीव्हीसमोर बसवलं.

“मावशी, दिसेल ते मोठ्याने सांगायचं!”

“बर्फ पडतोय!”

ड्रीमाने डिश बोटभर पश्चिमेला ढकलली. “आता?”

“अजून बर्फच. डिसेंबर आहे जसा काही.”

“आता?”

“थांब, थांब! कुणीतरी आहे आत. माणूस का गाय, कळत नाही.”

ड्रीमाने मागचा नट अर्धा फेरा फिरवला. “आता?”

“अगं बाई! माणूसच आहे. आणि काय दात आहेत मेल्याचे! हलू नकोस, हात लावू नकोस तिला, अगदी आरशासारखा दिसतोय!”

ड्रीमा हसत नट आवळत होती तेवढ्यात खालून क्लीव्हचा पिकअप परसापर्यंत वर आला. बरोबर दोन माणसं. क्लीव्ह उतरून जवळ आला, डिशकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“इथे नाही,” तो म्हणाला. “तिकडे. खालच्या कातळावर.”

कातळ म्हणजे घराच्या पुढे चढावातून बाहेर आलेली दगडाची सपाट पायरी. तिच्या पाठीशी तीस फूट उंच सरळ भिंत, आणि पुढे काही नाही, खाली रस्त्याचं वळण.

“तिथे काय मिळणार?” ड्रीमा म्हणाली. “नैऋत्येला सगळी भिंत आहे. खडकात आभाळ असतं का?”

“तू लाव तर.”

“अरे, तुझ्या आईला विचार. आरशासारखं दिसतंय इथे.”

“तोंड रस्त्याकडे कर,” क्लीव्ह म्हणाला. “आणि उभी ठेव. जमिनीपर्यंत.”

ड्रीमाचा हात नटावरच थांबला. रस्ता उत्तरेला होता. उत्तरेला एकही उपग्रह नाही, हे क्लीव्हलाही माहीत होतं, तीनदा तरी तिनेच सांगितलं होतं. तिने त्या काळ्या जाळीकडे पाहिलं. मागे बसलेल्या माणसाला जाळीतून पुढचं सगळं दिसतं. पुढून आणि वरून बघणाऱ्याला दिसते ती फक्त डिश. खोऱ्यात घरटी एक डिश होती, हेलिकॉप्टर काय प्रत्येक डिशवर थांबणार? आणि खालच्या त्या वळणावर भरलेला ट्रक माणसाच्या चालीने चालतो.

“कुणासाठी?” तिने हळूच विचारलं.

“जो पुढे असेल त्याच्यासाठी.”

“पुढे आर्लिस असतो. आपल्याबरोबर नऊ वर्षं खाली खाणीत होता तो.”

“होता,” क्लीव्ह म्हणाला.

“मी नाही लावणार.”

“ड्रीमा, मी तुला विचारत नाहीये.”

“दगड मारला मी पण. काच फोडली. हे तसं नाही, भाऊ. हे बसून, टेकून, नेम धरून...” ती डिशच्या पुढे जाऊन उभी राहिली. “हिला हात लावायचा नाही. ही मावशीची आहे आणि ही मी लावलीये.”

बरोबरच्या एकाने तिला बाजूला ओढलं. तिने पाना फिरवला, तो त्याच्या कानावर बसला. मग क्लीव्हने गाडीतून बंदूक काढली आणि उलटी धरून दस्ता तिच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. ती गुडघ्यांवर बसली. दुसऱ्याने तिच्या कमरेत लाथ घातली. क्लीव्ह ओरडला, “पुरे!” पण ते आपण स्वतःलाही म्हणतोय की काय असा त्याचा आवाज झाला होता. त्यांनी डिश खांबावरून उचकटली, पिकअपला दोर बांधून कातळापर्यंत फरफटत नेली. आयसी मावशी खिडकीत उभी होती. टीव्हीवर पुन्हा पांढरा भुगा आला होता आणि त्याचा खरखराट बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

“शिडीवरून पडले,” ड्रीमाने गावातल्या डॉक्टरला सांगितलं.

“या संपात लोक शिडीवरून फार पडतात,” डॉक्टर म्हणाला आणि हात गळ्यात बांधून दिला.

पोलिसांना सांगावं तर ते कंपनीला सांगणार, आणि कंपनीचे पहारेकरी क्लीव्हला त्या कातळावरच मारून टाकणार. आर्लिसला सांगावं तरी तेच. फाटकावर सांगावं तर तिथे अर्ध्यांना ते माहीत असणार आणि उरलेल्यांना आवडणार. ड्रीमाने दोन दिवस हेच घोळवलं. गुरुवारी सकाळी साडेनऊला ती एका हाताने गाडी चालवत निघाली आणि वळणाच्या अलीकडच्या लाकडी पुलावर तिने पिकअप आडवा घातला. किल्ली काढून ओढ्यात फेकली. पुलाच्या मागे बीच जातीची दाट झाडं होती. ट्रक थांबले तर त्यांच्या सावलीत थांबणार, कातळावरून तिथे नेम धरता येणार नव्हता. हे तिने नीट पाहून ठेवलं होतं. आभाळ कुठून दिसतं आणि कुठून दिसत नाही, एवढं एक तिला येत होतं.

दहाला रांग आली. पुढे पहारेकऱ्यांची गाडी, मागे आर्लिसचा ट्रक. पहारेकरी चार. पुढचा तर पोरसवदाच होता, केंटकीकडच्या बोलीचा.

“बाई, गाडी काढ.”

“बंद पडलीये.”

“ढकल मग.”

“हात मोडलाय. दिसत नाही?”

“किल्ली दे.”

“हरवली.”

त्यांना वाटलं, ही संपवाल्यांची खेळी. दुसऱ्याने दांडक्याने काच फोडली, तिचे केस धरले आणि तिला खिडकीतूनच बाहेर ओढलं. ती पुलाच्या फळ्यांवर पडली, मोडलेल्याच बाजूवर. कुणीतरी म्हणालं, “कुठे लपलेत बाकीचे? बोल!” ती बोलली नाही. बोलली असती तर एका शब्दात सगळं सुटलं असतं, आणि वर कातळावर एक माणूस मेला असता. पोरसवदा पहारेकऱ्याने तिच्या खांद्यावर बूट ठेवला आणि दाबला. ड्रीमा इतकी किंचाळली की मागच्या ट्रकमधून आर्लिस उतरून धावत आला. “अरे, ती ड्रीमा आहे! सोडा तिला! माझ्या घरी...” तिसऱ्याने त्याच्याच पोटात दांडकं खुपसलं.

फळीला गाल टेकून ड्रीमाला वरचा कातळ दिसत होता, आणि कातळावर ते काळं ताट.

मग आवाज झाला. पोरसवदा पहारेकरी तिच्यावरून उडाल्यासारखा मागे पडला. त्याची मांडी फुटली होती आणि तो आईला हाक मारत होता. बाकीचे तिघे गाडीआड झाले. एकाने वर बोट केलं. “डिश! त्या डिशच्या मागे!” आणि तिघांनी एकदम सुरू केलं. काळी जाळी फाटत गेली, तिचे तुकडे हवेत उडून रस्त्यावर पडले. जाळीआड माणूस दिसत नाही हे खरं. पण जाळीने गोळी कुठे अडते? मागच्या खडकावर आपटून दगडाच्या कपच्या उडत होत्या. वरून आणखी एक गोळी आली ती पाण्यात गेली. मग काहीच आलं नाही. आर्लिस ड्रीमाच्या अंगावर आडवा पडला होता, तिला झाकून. तो रडत होता आणि शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं.

सगळं मिळून दोन मिनिटं असेल.

क्लीव्ह जगला. त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. पहारेकरीही जगला, काठीवर चालायला लागला. डिसेंबरात संप मिटला. मिटला म्हणायचं, मोडला म्हणायला जीभ रेटत नव्हती. ज्यांना परत कामावर घेतलं त्यांच्या यादीत ड्रीमा नव्हती.

खटला वसंतात उभा राहिला. ड्रीमाला मारणाऱ्या पहारेकऱ्यांवर नव्हे, क्लीव्हवर. क्लीव्हच्या वकिलाचं म्हणणं सोपं होतं: माझा माणूस आईची डिश नीट करत होता, तिथे एका बाईला चौघे मारताना दिसले, म्हणून त्याने जवळची बंदूक उचलली. खोऱ्यात सगळ्यांना हे पटलं होतं, म्हणजे सगळ्यांनी पटवून घेतलं होतं. वकील ड्रीमाच्या घरी आला.

“तुम्ही एवढंच म्हणा, की तिथे थोडाफार सिग्नल मिळतो.”

“खडकातून?”

“बाई, कोर्टात कुणाला डिशमधलं काय कळतं? त्याने तुम्हाला वाचवलंय. हे विसरू नका.”

“विसरत नाही,” ड्रीमा म्हणाली. “त्याने मला दोनदा वाचवलंय. आणि हा खांदा पण त्यानेच दिलाय. कुठलं कुठे धरायचं ते माझं मला बघू द्या.”

कोर्टात पुढच्या बाकावर आयसी मावशी बसली होती. क्लीव्हची एक बाही टाचणीने वर दुमडलेली. त्याने ड्रीमाकडे पाहिलं नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, “ती डिश टीव्ही दिसावा म्हणून तिथे होती का?”

 ड्रीमाला क्लीव्हने डबा पुढे केलेला तो बोगदा आठवला, आणि त्याच हातांनी उलटी धरलेली बंदूकही. आर्लिसचं ओलं तोंडही आठवलं. मनात एक हलकी गोष्टही येऊन गेली, तिची तिलाच लाज वाटली: ती डिश मी तिथे लावली, असं चारचौघांत कुणाला वाटलेलं तिला सहन होणार नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “तिथे आभाळ नाही. मी वर झाडापाशी लावली होती, चांगली लागली होती. ह्यांनी ती उचकटून खाली नेली. तोंड रस्त्याकडे केलं. मी नाही म्हणाले म्हणून माझं हाड मोडलं.”

मागे कुणीतरी थुंकलं.

“आता आणखी एक लिहा,” ड्रीमा म्हणाली.

“तेवढं पुरे,” सरकारी वकील म्हणाला.

“मला नाही पुरे. ट्रक झाडीत थांबले होते, कुणावर नेम धरता येत नव्हता. क्लीव्ह गप्प बसून मागच्या मागे जाऊ शकला असता. त्याने गोळी मारली ती तो पोरगा माझ्या मोडक्या हाडावर उभा राहिला तेव्हा. मी किंचाळले तेव्हा. आधी नाही. हेही लिहा. आणि त्या चौघांना इथे का नाही आणलं, तेही कुणीतरी लिहा.”

न्यायाधीशाने तिला दोनदा गप्प केलं. क्लीव्हला पाच वर्षांची शिक्षा झाली. सरकारी वकिलाने पंधरा मागितली होती.

दोन्ही बाजूंनी तिला शिव्या दिल्या. त्याच आठवड्यात, रविवारी, ती चर्चला गेली असताना तिचा पिकअप कुणीतरी पेटवला. त्यात तिची पाणसळ, होकायंत्र, पाने, सगळं होतं. आर्लिसने आपली जुनी गाडी तिच्या दारात आणून उभी केली आणि चालत घरी गेला. ड्रीमाने ती आठवडाभर हात न लावता ठेवली, मग वापरली.

महिन्याभराने दुपारी दारावर काठी वाजली. आयसी मावशी. दीड मैल चालत आली होती. चेहरा बीटासारखा लाल.

“बाहेर ये,” ती म्हणाली.

ड्रीमा पायऱ्या उतरून आली. मावशीने काठी उचलली आणि तिच्या दंडावर मारली. मग पाठीवर. मग मोडून सांधलेल्या खांद्यावर. म्हातारीच्या अंगात होता तेवढा सगळा जोर त्यात होता. ड्रीमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. सळई फिरवली त्या रविवारनंतर, उचलता येत असताना मार खाऊनही तिने हात उचलला नाही तो पहिल्यांदाच.

“त्याने तुझं हाड मोडलं ते मी पाहिलं,” मावशी धापा टाकत म्हणाली. “खिडकीत होते मी. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. देवाशपथ बोलले असते. तुला नाही आलं बोलता?”

“नाही आलं.”

“जळो तुझं तोंड.” काठी पुन्हा वर गेली, पण मधेच थांबली. मावशी पायरीवर बसली. “पाणी दे.”

ड्रीमाने पाणी दिलं. मावशीने पेला संपवला, तो जमिनीवर उपडा ठेवला.

“त्या खांबाला मी कपडे वाळत घालते,” ती म्हणाली. “झाडापाशी रोवलास तो. हलत नाही वाऱ्याने.”

“ओळंब्यात आहे.”

“मला काय कळतंय ओळंबा! हलत नाही एवढं सांगतेय.”

परत चालणं तिला जमणार नव्हतं. ड्रीमाने तिला आर्लिसच्या गाडीत बसवलं. गाडी कुणाची ते मावशीला माहीत होतं, तरी ती बसली.  वळण आलं, तेव्हा मावशीने डोळे मिटून घेतले. घराशी ड्रीमाने तिला काखेत हात घालून उतरवलं. मावशी आत गेली आणि तिने आतून कडी लावली.

क्लीव्ह साडेतीन वर्षांनी सुटला. पुढच्या मार्चमध्ये बियाण्यांच्या दुकानात तो ड्रीमाला भेटला. दोघं बटाट्याच्या बियाण्याकडे बघत उभी राहिली.

“खांदा दुखतो?” त्याने विचारलं.

“थंडीत. तुझा हात?”

“नाही तोच जास्त दुखतो.” त्याने पोतं एका हाताने ओढलं. ते अडलं. ड्रीमा पुढे झाली.

“राहू दे,” तो म्हणाला. “जमतं मला.”

त्याला जमायला वेळ लागला. ती तोवर दार धरून उभी राहिली.